व्हिसामुक्त प्रवेश म्हणजे बँकॉकमध्ये राहण्याचा परवाना नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे बँकॉकविषयी जो सविस्तर लेख आला, त्यातील शहराच्या वर्णनाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. चाओ फ्राया नदी, जुन्या रत्नकोसिन भागातील राजवाडा व बौद्ध मंदिरे, सुखुमवित रस्त्यावरून डोक्यावरून धावणारी रेल्वे, रात्री उशिरापर्यंत पेटत्या शेगड्या घेऊन बसलेले खाद्यविक्रेते, हे सगळे तसेच आहे आणि चार-सहा दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्याला ते तसेच दिसावे यात गैर काही नाही. मात्र त्या लेखाच्या अखेरच्या भागात, भारतीयांना आता थायलंडसाठी व्हिसा लागत नसल्याने मराठी तरुणांनी थेट बँकॉक गाठावे, तेथेच नोकरी शोधावी आणि जमल्यास स्थायिक व्हावे, असा जो सल्ला दिला आहे, तो चुकीचा आहे आणि आजच्या परिस्थितीत धोक्याचाही आहे. पतीच्या नोकरीमुळे मी बरीच वर्षे या शहरात राहत आहे. येथे नव्याने आलेली मराठी कुटुंबे कागदपत्रांच्या अडचणी घेऊन आमच्याकडे येत असल्याने त्या सल्ल्याचे परिणाम मला जवळून पाहायला मिळतात. म्हणून हे पत्र.

थायलंडने भारतीय पर्यटकांना १० नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसाविना प्रवेश देण्यास सुरुवात केली. आरंभी ही सवलत ३० दिवसांची होती, ती १५ जुलै २०२४ पासून ६० दिवसांची झाली, आणि ती नेमकी किती दिवसांची असावी यावर तेथील सरकार अधूनमधून फेरविचार करत असते. करोनानंतर रोडावलेले पर्यटन सावरावे, एवढाच या सवलतीचा हेतू आहे. तिच्या आधारे सहल करता येते, व्यवसायानिमित्त अल्पकाळ भेट देता येते. रोजगार करता येत नाही. परकीयांच्या रोजगाराविषयीच्या २०१७ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय काम करताना आढळलेल्या परदेशी व्यक्तीला पाच हजार ते पन्नास हजार बाट दंड होतो आणि तिची मायदेशी रवानगी केली जाते. पासपोर्टवर ६० दिवसांचा शिक्का घेऊन आलेला तरुण एखाद्या कार्यालयात खुर्चीवर बसला, तर पहिल्याच दिवशी तो कायदा मोडतो, मग मालक त्याला काहीही सांगो.

नोकरीसाठी येण्याचा मार्ग वेगळा आहे आणि तो भारतातूनच सुरू होतो. आधी थायलंडमधील कंपनीने नेमणूक करावी लागते, तिने आपली कागदपत्रे पाठवावी लागतात, मग त्यांच्या आधारे ‘नॉन-इमिग्रंट बी’ या प्रवर्गाचा व्हिसा मिळतो, तो घेऊन येथे आल्यावर कामाचा परवाना निघतो आणि त्यानंतर वास्तव्याची मुदत साधारणपणे एकेक वर्षाने वाढवली जाते. ही मुदतवाढ देताना केवळ उमेदवाराची पात्रता पाहिली जात नाही, कंपनीची ऐपतही तपासली जाते. सर्वसाधारण कंपनीला एका परदेशी कर्मचाऱ्यामागे वीस लाख बाट भरणा झालेले भांडवल आणि चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात. गुंतवणूक मंडळाकडून प्रोत्साहन मिळालेल्या मोठ्या उद्योगांना यातून सूट असते. परदेशी कर्मचाऱ्याचा किमान पगार किती असावा हेही ठरलेले आहे आणि तो आकडा प्रत्येकाच्या राष्ट्रीयत्वानुसार बदलतो. जपानी किंवा अमेरिकी माणसासाठी तो वरचा, भारतीयासाठी त्याहून खालचा. एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघांची किंमत त्यांच्या पासपोर्टच्या रंगावरून ठरावी, हे मला आजही खटकते. परंतु आपल्याच देशातून आलेल्या मंडळींना येथील म्यानमारच्या मजुराविषयी बोलताना ऐकले की तक्रार करण्याचा उत्साह मावळतो. या देशातील नोंदणीकृत परदेशी कामगारांमध्ये म्यानमार, लाओस आणि कंबोडियातून आलेल्यांचीच संख्या वीस लाखांच्या पुढे आहे. ज्या उंच इमारतींत आम्ही राहतो, त्या बांधणारे हात बहुतांशी त्यांचेच असतात.

या व्यवस्थेची खरी कसोटी नोकरी सुटते तेव्हा लागते, आणि नेमका याच गोष्टीचा उल्लेख अशा लेखांत कधी नसतो. कामाचा परवाना ठरावीक कंपनीसाठी आणि ठरावीक कामासाठी असतो. वास्तव्याची मुदत त्याच नोकरीवर उभी असते. नोकरी ज्या दिवशी संपते त्या दिवशीच राहण्याचा हक्कही संपतो. विनंती केल्यास आवराआवर करण्यासाठी सात दिवस मिळतात. पत्नी व मुले यांचे व्हिसा त्या एका कर्मचाऱ्याच्या व्हिसाला जोडलेले असल्याने तेही त्याच्याबरोबर संपुष्टात येतात. मुलगी नववीत आहे, शाळेचे सत्र अर्धे झाले आहे, घराच्या कराराचे आठ महिने उरले आहेत, गाडीचे हप्ते चालू आहेत, यापैकी कशाचाही विचार इमिग्रेशनचा अधिकारी करू शकत नाही आणि करतही नाही. अशा वेळी जाणकार माणसे नव्या कंपनीची कागदपत्रे तयार झाल्याशिवाय जुन्या कंपनीला राजीनाम्याची तारीख देत नाहीत. पण कंपनीनेच काढून टाकले तर तारीख आपल्या हातात राहत नाही. चाकण-पिंपरीच्या वाहन उद्योगात अनुभव घेऊन येथील चोनबुरी-रायोंग पट्ट्यातील कारखान्यांत आलेल्या एका अभियंत्याच्या कुटुंबाला मी अशा आठवड्यातून जाताना पाहिले आहे. भांडी-कुंडी शेजाऱ्यांत वाटली गेली, मुलांचे शाळेचे दाखले मिळेपर्यंत विमानाची तिकिटे दोनदा पुढे ढकलावी लागली आणि घरमालकाकडे अडकलेली दोन महिन्यांच्या भाड्याची अनामत मागेच राहिली.

पत्नीविषयी लिहिताना मी स्वतःविषयीच लिहिते आहे, हे वाचकांच्या लक्षात येईलच. मी महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवत असे. येथे मी ‘ओ’ प्रवर्गाच्या, म्हणजे कुटुंबीयाच्या व्हिसावर आहे, आणि या व्हिसावर स्वतंत्र परवान्याशिवाय कोणतेही काम करता येत नाही. स्वतंत्र परवाना हवा असेल तर पुन्हा नेमणूक, भांडवल, चार थाई कर्मचारी हे सगळे चक्र नव्याने फिरावे लागते. शिकवण्या घेणे, घरी डबे करून विकणे, कपडे आणून प्रदर्शन भरवणे, असे जे उद्योग आपल्याकडच्या गृहिणी सहज करतात, ते येथे करणाऱ्या स्त्रिया आहेत. पण त्या प्रत्येकीला आपण कशाच्या आधारावर हे करतो याची धास्ती असते. संगणक अभियंते, डॉक्टर, वकील असलेल्या कितीतरी मराठी स्त्रिया या शहरात केवळ नवऱ्याच्या पत्त्यावरची एक नोंद बनून राहिल्या आहेत. पगाराचे पत्र हाती आल्यावर घरात जी चर्चा होते, तिच्यात एका पगाराची भर आणि दुसऱ्या पगाराची वजाबाकी, असे दोन्ही आकडे मांडले जावेत. दुसरा आकडा मांडलाच जात नाही, असा माझा अनुभव आहे.

कायदेशीर व्हिसा मिळाल्यानंतरही कागदांचे लचांड थांबत नाही. दर नव्वद दिवसांनी आपण कोठे राहतो याची माहिती इमिग्रेशनला द्यावी लागते. विसरल्यास दोन हजार बाट दंड. परदेशी माणूस घरात राहायला आला की चोवीस तासांच्या आत घरमालकाने ती गोष्ट कळवायची असते, ही तरतूद १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातली आहे. ‘टीएम ३०’ या नावाने ओळखले जाणारे हे पत्रक बहुतेक घरमालक स्वतः भरत नाहीत, कारण भाड्याचे उत्पन्न सरकारदरबारी दिसावे असे सर्वांनाच वाटत नाही. आणि त्याची पावती नसेल तर अडचण मात्र भाडेकरूला येते. म्हणून घर पाहताना मी नव्या मंडळींना पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा पाहण्याआधी मालक हे पत्रक भरून देईल का, ते विचारायला सांगते. या सगळ्यांत सर्वांत कठोर वाटावी अशी तरतूद पुनर्प्रवेशाच्या परवान्याची आहे. वर्षाची मुदतवाढ मिळालेला माणूस हा परवाना न घेता देशाबाहेर पडला, तर ती मुदतवाढ तेथल्या तेथे रद्द होते. एका वेळच्या परवान्याला एक हजार बाट आणि कितीही वेळा ये-जा करण्याच्या परवान्याला ३,८०० बाट पडतात. साताऱ्याहून किंवा लातूरहून रात्री वडील गेल्याचा फोन येतो आणि माणूस मिळेल त्या विमानाने निघतो, तेव्हा हे कोणाच्या ध्यानात राहणार? सुवर्णभूमी विमानतळावर हा परवाना मिळण्याची सोय आहे, एवढी माहिती तरी प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

मुदतीपेक्षा अधिक राहणाऱ्यांसाठी दिवसाला ५०० बाट आणि जास्तीत जास्त वीस हजार बाट दंड आहे, हे ऐकून काही तरुणांना वाटते की पैसे भरले की सुटलो. तसे नाही. नव्वद दिवसांहून जास्त काळ बेकायदा राहून स्वतःहून हजर झालेल्याला वर्षभर प्रवेशबंदी होते. आणि अटक झाली तर अगदी थोड्या दिवसांच्या चुकीलाही पाच वर्षांची बंदी लागू शकते.

आता स्वस्ताईविषयी. रस्त्यावरचे जेवण, स्थानिक फळे, मोटारसायकल टॅक्सी, उपनगरातले छोटे घर, हे मुंबईच्या मानाने खरोखरच परवडते. पण बाटाचा भाव अडीच-तीन रुपयांच्या घरात असताना कुटुंबाचा हिशेब निराळा होतो. इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळांचे शुल्क मुलामागे वर्षाला काही लाख बाट असते, आणि भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा मोजक्याच असल्याने निवड फारशी उरत नाही. ज्यांना कंपनी शाळेचे शुल्क देते त्यांचे बँकॉक वेगळे आणि ज्यांना ते स्थानिक पगारातून भरावे लागते त्यांचे वेगळे. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. इमारतीतील सदनिका घेता येते, पण तेथेही एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपलीकडे परदेशी मालकी जाऊ शकत नाही. वर्षात १८० दिवस येथे राहणारा माणूस येथील करदाता ठरतो आणि २०२४ पासून परदेशातील उत्पन्न येथे आणल्यास त्यावरही कराचा विचार करावा लागतो, त्यामुळे पुण्यातल्या घराचे भाडे मागवून येथे खर्च करणाऱ्यांनी दोन्ही देशांतील करसल्लागारांशी बोललेले बरे. भारत आणि थायलंड यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करारही नाही.

पैशांत न मोजता येणाऱ्या गोष्टीही आहेत. डिसेंबर ते मार्च या काळात शहराची हवा इतकी धुरकट होते की जानेवारी २०२५ मध्ये शेकडो शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि लोकांनी वाहने काढू नयेत म्हणून आठवडाभर रेल्वे व बसचा प्रवास मोफत करण्यात आला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २८ मार्च रोजी, म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे केंद्र हजारभर किलोमीटरवर असूनही बँकॉकमधील इमारती झुलू लागल्या. चतुचक भागात बांधकाम चालू असलेली सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाची तीस मजल्यांहून उंच इमारत कोसळली. रेल्वे बंद पडल्या, लोक मैलोन्‌मैल चालत घरी गेले. सरकारी सूचनांचे संदेश उशिरा आले याबद्दल थाई नागरिकांनीच मोठी टीका केली. आम्हा परदेशी लोकांची अडचण त्याहून मोठी होती, कारण आलेली सूचना थाई लिपीत होती. उच्चाराचे पाच सूर (टोन) आणि चव्वेचाळीस व्यंजनचिन्हे असलेली ही भाषा बोलण्यापुरती शिकणारे अनेक जण भेटतात, वाचायला शिकणारे फार थोडे. परंतु घराचा करार, विम्याचे पत्र, दवाखान्यातील संमतिपत्र, वाहतूक पोलिसाची पावती हे सगळे थाई भाषेत असते आणि त्यावरचे वर्षही बौद्ध पंचांगाप्रमाणे ५४३ ने पुढचे असते. २०२५ च्या कागदावर २५६८ लिहिलेले पाहून पहिल्या महिन्यात सगळेच बुचकळ्यात पडतात.

हे वाचून मी या शहरावर रुसले आहे असा समज होऊ नये. रात्री अकरा वाजता एकटीने रेल्वेने घरी येताना मला येथे जो निर्धास्तपणा वाटतो, तो मला माझ्या देशातल्या फार थोड्या शहरांत वाटला. सिलोम रस्त्यावरील मारिअम्मन देवीच्या मंदिरात विजयादशमीला जी मिरवणूक निघते, तिच्यासाठी शहरातला एवढा महत्त्वाचा व्यापारी रस्ता बंद केला जातो आणि त्या गर्दीत थाई भाविकांची संख्या आपल्यापेक्षा अधिक असते. त्याच सुमारास चिनी वंशाच्या थाई लोकांचा नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव येतो. पिवळ्या झेंड्यांच्या हातगाड्या दिसू लागल्या की एरवी प्रत्येक पदार्थात पडणाऱ्या माशाच्या सॉसपासून आम्हा शाकाहारी मंडळींची थोडे दिवस सुटका होते. कढीपत्ता, बेसन, पोहे यांसाठी फाहुरतचा जुना पंजाबी बाजार आहे. गणपती तर जागोजागी आहे. येथील ललित कला विभागाच्या बोधचिन्हावरही तोच आहे. मात्र तो त्यांचा गणपती आहे, कलेचा आणि यशाचा दाता म्हणून त्यांनी शेकडो वर्षे जपलेला. तो दिसला म्हणून आपल्याला या देशात काही विशेष अधिकार मिळाला, अशा थाटात लिहिलेले लेख आणि फिरणाऱ्या चित्रफिती मला अप्रस्तुत वाटतात.

एक सूचना मात्र स्पष्ट शब्दांत द्यायला हवी. येथील दंडसंहितेच्या ११२ व्या कलमानुसार राजा, राणी, युवराज किंवा राजप्रतिनिधी यांचा अवमान केल्यास प्रत्येक गुन्ह्यामागे तीन ते पंधरा वर्षांचा कारावास होतो आणि समाजमाध्यमावरील मजकुरालाही हे कलम लावले जाते. आपल्याकडे सत्ताधाऱ्यांवरचे विनोद सकाळच्या चहाबरोबर पुढे पाठवले जातात. ती सवय विमानतळावरच सोडून यावी. ई-सिगारेटही येथे बेकायदा आहे, हे अनेक मराठी पर्यटकांना दंड भरताना कळते.

स्थायिक होण्याचा मुद्दा उरला. कायम वास्तव्याचा परवाना मिळतो, नाही असे नाही. त्यासाठी सलग किमान तीन वर्षांच्या मुदतवाढी, कराच्या नोंदी, थाई भाषेतील मुलाखत आणि बराच धीर लागतो. एका देशाच्या नागरिकांना वर्षाला जास्तीत जास्त शंभर परवाने, अशी मर्यादा आहे. अर्जाचे ७,६०० बाट परत मिळत नाहीत आणि अर्ज मंजूर झाल्यावर १,९१,४०० बाट भरावे लागतात. एकशे चाळीस कोटींच्या देशासाठी शंभर जागा. यापुढे ‘जमल्यास स्थायिक व्हावे’ या वाक्याला किती अर्थ उरतो, ते वाचकांनी ठरवावे. परदेशी माणसांना किती दरवाजे उघडायचे हे ठरवण्याचा थायलंडला पूर्ण अधिकार आहे, आणि दरवाजा अरुंद असल्याचे त्याने कधी लपवलेही नाही.

हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारण मात्र यापुढे आहे. ‘व्हिसाची गरज नाही, या आणि कामाला लागा’ हे वाक्य गेली काही वर्षे एका विशिष्ट धंद्याचे आमिष झाले आहे. फेसबुक किंवा टेलिग्रामवर बँकॉकमधील ‘डेटा एंट्री’, ‘डिजिटल विक्री’, ‘ग्राहक सेवा’ अशा नोकरीची जाहिरात येते, मुलाखत व्हिडिओवर होते, विमानाचे तिकीट समोरचाच माणूस पाठवतो. तरुण सुवर्णभूमीला उतरतो, पर्यटक म्हणून शिक्का घेतो, आणि त्याला बँकॉकमधील कार्यालयाऐवजी पाचशे किलोमीटरवरच्या माए सोत या सीमेवरच्या गावी नेले जाते. तेथून मोएई नदी ओलांडली की म्यानमारमधील म्यावड्डी. तेथील बंदिस्त वसाहतींत पासपोर्ट काढून घेऊन या मुलांकडून दिवसरात्र लोकांना ऑनलाइन फसवण्याचे काम करून घेतले जाते, नकार दिल्यास मारहाण होते आणि सुटकेसाठी घरच्यांकडे पैसे मागितले जातात. गंमत म्हणजे, ही शोकांतिका आहे तरी तो शब्द वापरते, ज्यांना ही मुले फसवतात त्यांतले बरेच जण आपलेच देशबांधव असतात.

परराष्ट्र मंत्रालयाने याबाबत २०२२ मध्येच सावधगिरीची सूचना काढली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडने सीमेपलीकडच्या या भागाची वीज, इंधन आणि इंटरनेट तोडले. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी माए सोत येथून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत नेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये म्यानमारच्या लष्कराने केके पार्क या वसाहतीवर कारवाई केली, तेव्हा पुन्हा शेकडो भारतीय नदी ओलांडून थायलंडमध्ये आले. सुटून आलेल्यांत आपल्या राज्यातील मुलेही होती. त्यांच्यापैकी अनेकांनी आधी कर्ज काढून दलालाला पैसे दिले होते.

यातील बहुतेक फसवणूक एका साध्या माहितीने टळू शकते. थायलंडमध्ये काही व्यवसाय परदेशी माणसांना पूर्णपणे बंद आहेत. त्यांच्या यादीत दुकानातील विक्री, वाहन चालवणे, केशकर्तन, पर्यटक मार्गदर्शक यांच्याबरोबरच कारकुनी आणि सेक्रेटरीच्या कामाचाही समावेश आहे. म्हणजे पंचवीस वर्षांच्या पदवीधराला बँकॉकमध्ये ‘डेटा एंट्री’ची नोकरी देऊ करणारा माणूस जे कायद्याने देताच येत नाही तेच देऊ करतो आहे. दुसरे असे, की दहावी उत्तीर्ण नसल्याने ज्यांच्या पासपोर्टवर स्थलांतर-मंजुरी आवश्यक असल्याची नोंद असते, त्यांना नोकरीसाठी ज्या अठरा देशांत जाण्यापूर्वी भारत सरकारची मंजुरी घ्यावी लागते, त्यांत थायलंड आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणारा दलाल सरकारकडे नोंदणीकृत असला पाहिजे, त्याचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो, आणि त्याला उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील वस्तू-सेवा कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. ‘आधी पर्यटक म्हणून जा, परवाना नंतर करू’ असे सांगणाऱ्या माणसाशी बोलणे तेथेच थांबवावे.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी विनंती दोन गोष्टींची आहे. परदेशातील नोकऱ्यांच्या छोट्या जाहिराती आपण छापता, त्यांत दलालाचा नोंदणी क्रमांक नसल्यास ती जाहिरात स्वीकारू नये. आणि पर्यटनाच्या पुरवणीत थायलंडच्या व्हिसामुक्त प्रवेशाचा उल्लेख जेव्हा जेव्हा येईल, तेव्हा त्याखाली हा प्रवेश नोकरीसाठी नाही ही एक ओळ ठळक अक्षरांत छापावी. या देशात अडचणीत सापडलेल्या कोणाही भारतीयासाठी आपला दूतावास सुखुमवितच्या २३ क्रमांकाच्या सॉयमध्ये, म्हणजे गल्लीत आहे. मुलगा बँकॉकला निघाला असेल तर तो पत्ता, त्याच्या कंपनीचे नाव, नेमणूकपत्राची प्रत आणि पासपोर्टच्या पानांची छायाचित्रे घरच्यांनी तो विमानात बसण्याआधी आपल्याजवळ ठेवावीत, एवढेही त्या ओळीखाली छापता आले तर जागा फार लागणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक, बँकॉक